रमेशचंद्र दत्त : सारावसुलीचा साक्षीदार

जुन्या जिल्हा कचेऱ्यांमध्ये कलेक्टरच्या दालनात एक लाकडी फलक असतो. आजवरच्या जिल्हाधिकाऱ्यांची नावे आणि त्यांच्या कार्यकाळाच्या तारखा त्यावर रंगवलेल्या असतात. नवा अधिकारी रुजू होतो, एकदा त्या फलकाकडे पाहतो आणि कामाला लागतो. दोन-तीन वर्षांनी त्याचेही नाव त्या रांगेत जाऊन बसते. नावापुढे तारखांखेरीज काहीही नसते. त्या काळात त्याने काय पाहिले, कोणत्या गावात मुक्काम केला, कोणत्या आदेशावर सही करताना त्याचा हात अडखळला, याची नोंद ठेवण्याची आपल्या प्रशासनात प्रथा नाही.

रमेशचंद्र दत्त यांचे नाव आज अर्थशास्त्राच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित आहे. दादाभाई नौरोजी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या जोडीने त्यांचे नाव घेतले जाते. मात्र हा माणूस मुळात ग्रामीण बंगालमध्ये फिरणारा सरकारी अधिकारी होता, सव्वीस वर्षे त्याने मॅजिस्ट्रेट आणि कलेक्टर म्हणून काम केले, आणि ज्या महसूल पद्धतीवर त्याने पुढे कठोर टीका केली ती त्याने स्वतःच्या हातांनी राबवली होती, ही गोष्ट सहसा विसरली जाते. दत्त यांच्या विचारांचे मोल समजून घ्यायचे तर त्यांच्या चरित्रातील हा सरकारी भाग नीट पाहावा लागतो. ग्रंथ नंतर आले. त्यांची सामग्री दौऱ्यांवर, दुष्काळी कामांवर आणि वादळाने उद्ध्वस्त झालेल्या किनाऱ्यावर गोळा झाली होती.

रमेशचंद्रांचा जन्म १३ ऑगस्ट १८४८ रोजी कोलकात्यातील रामबागानच्या दत्त घराण्यात झाला. इंग्रजी विद्या लवकर आत्मसात केलेल्या बंगाली कुटुंबांत या घराण्याची गणना होत असे. घराण्याला नावारूपास आणणारे नीलमणी दत्त. त्यांचे एक पुत्र रसमय दत्त हे संस्कृत कॉलेजचे सचिव होते आणि कोलकात्याच्या लघुवाद न्यायालयात न्यायासनापर्यंत पोहोचले होते. दुसरे पुत्र पीतांबर हे रमेशचंद्रांचे आजोबा. रसमय यांच्या शाखेने १८६२ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्याच शाखेतील तोरू दत्त हिने अवघ्या एकवीस वर्षांच्या आयुष्यात इंग्रजी आणि फ्रेंच भाषांत लेखन करून युरोपातील जाणकारांनाही चकित केले. रमेशचंद्रांची शाखा हिंदू राहिली. दोन्ही शाखांना जोडणारा धागा होता तो लेखनाचा. या घरात काव्यरचना हा जवळजवळ कौटुंबिक शिरस्ता होता, आणि ती बहुतांशी इंग्रजीत होत असे.

वडील ईशानचंद्र दत्त हे डेप्युटी कलेक्टर होते. कंपनी सरकारच्या काळात भारतीयांना मिळू शकणाऱ्या मानाच्या पदांपैकी हे एक पद. जिल्ह्याचे प्रमुखपद गोऱ्या अधिकाऱ्याकडे असे आणि महसुलाची, मोजणीची, तक्रारींच्या चौकशीची कष्टाची कामे डेप्युटी कलेक्टरच्या वाट्याला येत. बदली झाली की बिऱ्हाड हलत असे. त्यामुळे लहानग्या रमेशने बंगालमधील अनेक जिल्हे वडिलांबरोबर पाहिले. पूर्व बंगालमध्ये रस्त्यांपेक्षा नद्या अधिक. अधिकाऱ्याची फिरती नावेतून होत असे आणि अनेकदा कचेरीही नावेतच भरे. काठावर अर्ज घेऊन उभी असलेली माणसे त्या मुलाने फार लहान वयात पाहिली असणार.

त्याच नद्यांनी वडिलांना नेले. १८५९ मध्ये आई वारली आणि १८६१ मध्ये पूर्व बंगालमध्ये कामावर असताना नावेच्या अपघातात ईशानचंद्रांचा मृत्यू झाला. रमेशचंद्र तेव्हा तेरा वर्षांचे होते. चुलते शशीचंद्र दत्त यांनी भावंडांचा सांभाळ केला. शशीचंद्र स्वतः इंग्रजी लेखक होते. वाचन आणि लेखन ही नित्याची कामे आहेत, ती रोज नेमाने करायची असतात, हा संस्कार मुलांना त्यांच्याकडून मिळाला. थोरले बंधू योगेशचंद्र यांनी पुढे कल्हणाच्या राजतरंगिणीचे इंग्रजी भाषांतर केले, तेही याच वातावरणाचे फळ म्हणावे लागेल.

हेअर स्कूल आणि नंतर प्रेसिडेन्सी कॉलेज असे रमेशचंद्रांचे शिक्षण झाले. १८६४ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्यांचा विवाह झाला. शिक्षण पूर्ण करून वडिलांप्रमाणे डेप्युटी कलेक्टर व्हावे, हा मार्ग समोर दिसत होता. तो त्यांनी नाकारला. वडील ज्या पदापर्यंत पोहोचले त्याच्या वरचे सर्व दरवाजे लंडनमधील परीक्षेतून उघडत. १८६८ च्या मार्च महिन्यात बिहारीलाल गुप्त आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी या दोन मित्रांसह त्यांनी इंग्लंडचे जहाज पकडले. समुद्रपर्यटन हा तेव्हा जातीबाहेर टाकला जाण्यास पुरेसा अपराध होता. घरच्यांनी अडवू नये म्हणून रमेशचंद्र गुपचूप निघाले. परीक्षेत अपयश आले असते तर परत येऊन तोंड दाखवणे कठीण झाले असते.

त्यापूर्वी सनदी सेवेच्या परीक्षेत केवळ एक भारतीय उत्तीर्ण झाला होता. ते सत्येंद्रनाथ टागोर, १८६३ मध्ये. १८६९ च्या परीक्षेत एकदम चार भारतीय यशस्वी झाले आणि रमेशचंद्र संपूर्ण यादीत तिसरे आले. चौथे नाव मुंबई इलाख्यातील होते, श्रीपाद बाबाजी ठाकूर. ठाकूर आणि सुरेंद्रनाथ यांची नावे वयाच्या मुद्द्यावर आधी वगळण्यात आली होती आणि झगडल्यानंतरच त्यांना न्याय मिळाला. सुरेंद्रनाथांची कारकीर्द पुढे एका किरकोळ नोंदीच्या चुकीवरून १८७४ मध्ये संपुष्टात आणली गेली. भारतीय अधिकाऱ्याच्या चुकीला क्षमा नाही, हा इशारा त्यांच्या बरोबरीने सेवेत आलेल्या प्रत्येकाच्या लक्षात राहिला. रमेशचंद्रांच्या पुढील सेवेतील काटेकोरपणाकडे पाहताना हा प्रसंग ध्यानात ठेवला पाहिजे.

बॅरिस्टरची पदवीही मिळवून ते १८७१ मध्ये परतले आणि अलीपूर येथे सहायक मॅजिस्ट्रेट म्हणून रुजू झाले. तीन वर्षांतच त्यांना दुष्काळाचे पहिले दर्शन घडले. १८७३-७४ मध्ये बिहार आणि बंगालमध्ये पावसाने दगा दिला. नदिया जिल्ह्यातील मेहेरपूर भागात मदतकार्यासाठी दत्त यांची नेमणूक झाली. त्या वेळी लॉर्ड नॉर्थब्रुक व्हाइसरॉय होते. सरकारने ब्रह्मदेशातून तांदूळ आणला, सढळ हाताने कामे काढली आणि भूकबळी जवळजवळ होऊ दिले नाहीत. या यशाचे कौतुक होण्याऐवजी खर्च अवाढव्य झाला म्हणून सरकारवर टीका झाली. दोनच वर्षांनी मद्रास, म्हैसूर आणि आपल्या दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, तेव्हा सरकारने हात आखडता घेतला आणि लक्षावधी माणसे मेली. पाऊस न पडणे माणसाच्या हातात नसते, परंतु पाऊस न पडल्याने माणूस मरावा की जगावा हे पुष्कळ अंशी राज्यकर्त्यांच्या हातात असते. दत्त यांच्या पुढील साऱ्या लेखनाचा पाया असलेला हा विचार मेहेरपूरच्या अनुभवाशी जुळणारा आहे.

त्याच १८७४ साली त्यांचे बंगालमधील शेतकऱ्यांवरचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक पंचवीस-सव्वीस वर्षांचा, सेवेत नवखा. विषय मात्र स्फोटक होता. १७९३ च्या कायमधारा पद्धतीने सरकारने जमीनदारांकडून घ्यावयाचा सारा कायमचा ठरवून टाकला होता. जमीनदाराने कुळाकडून किती खंड घ्यावा, यावर मात्र परिणामकारक बंधन घातले नव्हते. जमिनीचे मोल वाढले, लागवड वाढली, भाव वाढले आणि वाढीचा लाभ मधल्यामध्ये जिरला. १८५९ च्या कायद्याने सलग बारा वर्षे जमीन कसणाऱ्या कुळाला काही संरक्षण दिले, पण ते सिद्ध करायला कागद लागत आणि कागद जमीनदाराच्या कचेरीत असत. १८७३ मध्ये पाबना जिल्ह्यातील रयतेने संघटित होऊन वाढीव खंड देण्यास नकार दिला. या पार्श्वभूमीवर दत्त यांनी असे मांडले की सरकारने जमीनदाराला जी शाश्वती दिली तीच जमीनदाराने कुळाला दिली पाहिजे. सरकार आणि जमीनदार यांच्यातील देणे जसे कायम ठरले, तसेच जमीनदार आणि रयत यांच्यातीलही ठरावे. कोलकात्यातील प्रतिष्ठित समाज बहुतांशी जमिनीच्या उत्पन्नावर जगणारा होता. या पुस्तकाने तो नाराज झाला यात नवल नाही. पुढे १८८५ चा बंगाल कूळकायदा आला, तेव्हा चर्चा याच प्रश्नांभोवती फिरली.

दत्त यांची खरी कसोटी लागली १८७६ मध्ये. ३१ ऑक्टोबरच्या रात्री बाकरगंज जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आदळले. मेघनेच्या मुखाशी समुद्राचे पाणी भिंतीसारखे उभे राहिले आणि बेटांवरून फिरले. वादळात आणि त्यानंतरच्या रोगराईत मिळून सुमारे २ लाख माणसे दगावली असे मानले जाते. पाणी ओसरल्यावर पटकी आली. गुरे बुडाली होती, तळी खारट झाली होती, घरांबरोबर कागदपत्रेही वाहून गेली होती. कोणती जमीन कोणाची, कोण वारस, कोणाचे कर्ज कोणावर, हे सांगणारी माणसेही पुष्कळदा उरली नव्हती. सर्वाधिक हानी झालेल्या दक्षिण शाहबाजपूर या बेटावरील उपविभागाचा कारभार दत्त यांच्याकडे सोपवण्यात आला.

आपत्तीनंतरच्या कामाचा ज्यांना अनुभव आहे त्यांना ठाऊक असते की पहिल्या आठवड्यात अधिकाऱ्याला अन्न आणि पाणी पुरवावे लागते, आणि पहिल्या महिन्यानंतर न्याय पुरवावा लागतो. बळकट माणूस दुबळ्याचे शेत बळकावतो. विधवेच्या गोठ्यातील वाचलेली गाय कोणीतरी ओढून नेतो. सावकार फाटका कागद घेऊन उभा राहतो. दत्त या बेटावर राहिले आणि तेथील घडी त्यांनी पुन्हा बसवली. वरिष्ठांच्या दृष्टीने भारतीय अधिकारी अडचणीच्या प्रसंगी खंबीर राहू शकतो की नाही, हा प्रश्न तेव्हा उघडपणे विचारला जात असे. शाहबाजपूरने त्याचे उत्तर दिले.

याच वर्षांत त्यांच्या कादंबऱ्या लिहिल्या जात होत्या. बंगालीकडे त्यांना वळवले ते बंकिमचंद्र चट्टोपाध्याय यांनी, आणि तेही डेप्युटी मॅजिस्ट्रेटच होते. दत्त यांनी आपल्याला बंगाली लेखनाचा सराव नसल्याची अडचण सांगितली, तेव्हा सुशिक्षितांनी लिहावे म्हणजे तीच शैली होईल, अशा अर्थाचे उत्तर बंकिमचंद्रांनी दिले. दत्त घराण्यातील वडीलधाऱ्यांची इंग्रजी कविता टिकणार नाही आणि मधुसूदन दत्तांची बंगाली कविता टिकेल, हेही त्यांनी स्पष्टपणे सुनावले. रामबागानच्या मुलाला हे बोचले असेल, पण पटलेही. १८७४ ते १८७९ या काळात त्यांनी चार ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या. अकबरापासून औरंगजेबापर्यंतचे शतक त्यांत येते. मराठी वाचकाला विशेष आनंद देणारी गोष्ट अशी की त्यांतील १८७८ ची महाराष्ट्र जीवन-प्रभात ही कादंबरी शिवाजी महाराजांच्या उदयावर आहे. मेघनेच्या मुखाशी महसुलाचे काम पाहणारा एक बंगाली अधिकारी सह्याद्रीतील गडांची कथा लिहीत होता, आणि राष्ट्र या शब्दाला अजून राजकीय संघटना लाभायची होती.

१८८३ मध्ये दत्त यांना बाकरगंज जिल्ह्याचा कारभार मिळाला. जिल्ह्याचे कार्यकारी प्रमुखपद सांभाळणारे पहिले भारतीय म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. ज्या पूर्व बंगालच्या पाण्यात डेप्युटी कलेक्टर ईशानचंद्र बुडाले, त्याच पूर्व बंगालमधील एका जिल्ह्याचा कलेक्टर म्हणून त्यांचा मुलगा बावीस वर्षांनी बारिसालच्या कचेरीत बसला. वेळ मात्र मोठी नाजूक होती. युरोपीय आरोपींवरील खटले भारतीय मॅजिस्ट्रेटपुढे चालावेत की नाही, यावरून इल्बर्ट विधेयकाचे रान पेटले होते. त्या विधेयकाची सुरुवात बिहारीलाल गुप्त यांच्या एका टिपणातून झाली होती. हे गुप्त म्हणजे दत्त यांच्याबरोबर जहाजावर चढलेले तेच मित्र. कोलकात्यातील गोरा समाज भारतीय अधिकाऱ्यांच्या लायकीवर जाहीर सभांतून तोंडसुख घेत असताना दत्त यांनी जिल्हा शांत ठेवला. त्यांनी भाषण केले नाही. त्यांच्या जिल्ह्याचा कारभार हेच त्यांचे निवेदन होते.

पुढे मैमनसिंह, बर्दवान, मिदनापूर अशा जिल्ह्यांत त्यांची सेवा झाली. रजेच्या आणि फुरसतीच्या काळात त्यांनी ऋग्वेदाचे बंगाली भाषांतर केले. कायस्थ कुळातील, समुद्र ओलांडलेल्या, सरकारी नोकराने वेदाला हात लावावा हे सनातनी मंडळींना रुचले नाही. ईश्वरचंद्र विद्यासागर मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. प्राचीन भारताच्या संस्कृतीचा इतिहासही त्यांनी याच काळात इंग्रजीत लिहिला. १८९४ मध्ये बंगीय साहित्य परिषदेचे ते पहिले अध्यक्ष झाले. त्याच सुमारास बर्दवान विभागाचे आयुक्तपद आणि नंतर ओरिसाचे आयुक्तपद त्यांच्याकडे आले. त्या शतकात कोणत्याही भारतीय अधिकाऱ्याला इतके वरचे कार्यकारी पद मिळाले नव्हते.

आणि १८९७ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांनी सेवा सोडली. आणखी काही वर्षे त्यांना सहज मिळाली असती. परंतु जे त्यांना सांगायचे होते ते सरकारी अहवालाच्या चौकटीत बसणारे नव्हते. प्रत्येक अहवाल कोणाला तरी सादर करायचा असतो, आणि त्याच्या तळाशी वरिष्ठाचा शेरा असतो. ज्याला संपूर्ण पद्धतीविषयीच बोलायचे आहे त्याला शेऱ्याच्या पलीकडे जावे लागते.

निवृत्तीनंतर ते लंडनला गेले. तेथील युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये त्यांनी भारतीय इतिहास शिकवला आणि रामायण-महाभारताची इंग्रजी पद्यरूपे सिद्ध केली. १८९९ च्या डिसेंबरमध्ये लखनौ येथे भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाचे ते अध्यक्ष होते. तो काळ दुष्काळाचा होता. १८९६-९७ चा दुष्काळ सरला न सरला तोच १८९९-१९०० मध्ये दुसरा कोसळला. गुजरात, राजपुताना, मध्य प्रांत आणि दख्खन यांची वाताहत झाली. दुष्काळाचे कारण अवर्षण, हे सरकारचे उत्तर ठरलेले होते. दत्त यांनी व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना उद्देशून खुली पत्रे लिहिली आणि मध्य प्रांत, मद्रास, मुंबई, बंगाल व उत्तर भारत अशी एकेका प्रदेशाची महसूल पद्धत तपासली. १९०० मध्ये ती ग्रंथरूपाने आली.

त्यांचा युक्तिवाद महसूल खात्यातील कोणालाही कळेल इतका साधा होता. एक पावसाळा चुकला तर पीक जाते. परंतु ज्या शेतकऱ्याकडे मागील वर्षांची शिल्लक आहे, तो एक वर्ष तग धरतो. शिल्लक का नाही, हा खरा प्रश्न आहे. कायमधाऱ्याच्या बंगालमध्ये सरकारी मागणी स्थिर असल्याने गावात काही तरी उरते. रयतवारीच्या मद्रास आणि मुंबई इलाख्यांत, तसेच मध्य प्रांतात, फेरजमाबंदी आली की सारा वाढतो, केव्हा आणि किती वाढेल याची शाश्वती नसते, आणि वाढीविरुद्ध दाद मागायला न्यायालय नसते. जो अधिकारी सारा ठरवतो त्याच्याच वरिष्ठाकडे अर्ज करायचा. अशा स्थितीत शेतकरी सावकाराकडे जातो आणि दुष्काळ येण्याआधीच कफल्लक झालेला असतो. पुणे आणि नगर जिल्ह्यांतील १८७५ चे दंगे ज्यांनी वाचले आहेत त्यांना हे चित्र नवे नाही. सुपे गावी जळालेली कर्जखते या प्रश्नाचीच एक बाजू होती.

१९०० च्या डिसेंबरमध्ये अकरा निवृत्त अधिकाऱ्यांनी भारतमंत्र्यांकडे एक अर्ज पाठवला. दत्त त्यांच्यापैकी एक होते आणि विल्यम वेडरबर्न यांच्यासारखे मुंबई इलाख्यातील माजी अधिकारीही त्यात होते. साऱ्याची मागणी निव्वळ उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावी, जमाबंदीची मुदत तीस वर्षांहून कमी नसावी, आणि वाढ करायची तर तिला सरकारी पाटबंधाऱ्यांसारखे किंवा भाववाढीसारखे ठोस कारण असावे, अशा मोजक्या मागण्या त्यात होत्या. अर्ज करणारे सगळेच कधी काळी वसुली करणारे होते. त्यामुळे त्यांना अज्ञ किंवा राजद्रोही म्हणून झटकून टाकणे सरकारला सोपे नव्हते.

कर्झन सरकारने प्रांतांकडून खुलासे मागवले आणि १६ जानेवारी १९०२ रोजी सविस्तर ठराव प्रसिद्ध केला. दत्त यांचे आक्षेप त्यात फेटाळण्यात आले आणि अवर्षण हेच दुष्काळाचे मूळ असल्याचे ठासून सांगण्यात आले. मात्र त्याच ठरावात मोठी वाढ एकदम न लादता टप्प्याटप्प्याने करावी, वाईट वर्षी वसुलीत लवचीकपणा असावा, स्थानिक अवनती झाली असल्यास सारा कमी करावा, ही तत्त्वे मान्य झाली. वादात सरकार आपणच जिंकल्याचे म्हणत राहिले. सूट आणि तहकुबीच्या नियमांत मात्र पुढे जो उदारपणा आला, त्यामागे या वादाचा मोठा वाटा होता.

दत्त यांच्या विचारात एक विसंगती आहे आणि ती लपवण्याचे कारण नाही. १८७४ चा तरुण अधिकारी कायमधाऱ्यातील जमीनदाराच्या जुलमावर बोट ठेवत होता. १९०० चा लेखक त्याच कायमधाऱ्याला बंगालच्या तुलनात्मक सुस्थितीचे श्रेय देत होता. मधल्या काळात जमीनदार सज्जन झाले नव्हते. दत्त यांचे उत्तर असे असते की १८८५ च्या कायद्याने कुळाला संरक्षण मिळाले होते आणि आता मोठा धोका सरकारच्या वाढत्या मागणीचा होता. हे उत्तर अर्धे पटते. त्यांच्या स्वतःच्या वर्गाचे हितसंबंध त्यांच्या दृष्टीआड राहिले, अशी टीका नंतरच्या इतिहासकारांनी केली आणि तीत तथ्य आहे. ब्रिटिश राज्य संपावे असेही त्यांनी म्हटले नाही. ते राज्य न्यायाने चालावे, भारतीयांचा त्यात वाटा असावा, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यांच्या मर्यादा त्यांच्या पिढीच्या होत्या.

तरीही १९०२ आणि १९०४ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आर्थिक इतिहासाने जे केले ते मर्यादांना पुरून उरले. कंपनीच्या राजवटीपासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत जमीन महसूल, जकाती, हातमागाचा ऱ्हास, रेल्वे आणि कालव्यांवरील खर्च, दरवर्षी विलायतेस जाणारा पैसा, या सर्वांचा हिशेब त्यांनी मांडला. त्यासाठी त्यांनी वापरलेली साधने बव्हंशी सरकारचीच होती. पार्लमेंटपुढील चौकश्या, साक्षी, अधिकाऱ्यांची टिपणे त्यांनी वाचली. सरकारी कागद कसा वाचावा, कोणता आकडा कोणत्या रकान्यात दडवला जातो, हे ज्याने सव्वीस वर्षे असे कागद तयार केले त्यालाच कळणार.

टीका करणे सोपे आणि कारभार करणे अवघड, असे त्यांना सुनावणारे कमी नव्हते. त्याला उत्तर देण्याची संधी सयाजीराव गायकवाड यांनी दिली. १९०४ मध्ये दत्त बडोदा संस्थानचे महसूल मंत्री झाले. तेथे साऱ्याचे दर तपासले गेले, अनेक किरकोळ जाचक कर काढले गेले आणि न्याय व अंमलबजावणी ही दोन कामे वेगळी करण्यात आली. एकाच माणसाने आरोपीला पकडवावे आणि त्यानेच शिक्षा द्यावी, ही पद्धत चुकीची आहे, हे ते इंग्रजी मुलखात सांगत आले होते. बडोद्यात ते करून दाखवता आले. सक्तीचे प्राथमिक शिक्षण संपूर्ण संस्थानात लागू झाले तेही याच वर्षांत. १९०५ मध्ये बनारसला भरलेल्या पहिल्या औद्योगिक परिषदेचे ते अध्यक्ष होते. १९०७ मध्ये विकेंद्रीकरणाच्या शाही आयोगावर त्यांची नियुक्ती झाली आणि ते पुन्हा देशभर हिंडले. १९०९ च्या जूनमध्ये ते बडोद्याचे दिवाण झाले.

घराण्याची कथाही तोवर पुढच्या पिढीत गेली होती. एक कन्या भूगर्भशास्त्रज्ञ प्रमथनाथ बोस यांना दिली होती. मयूरभंज संस्थानातील गोरुमहिसाणीच्या लोहखनिजाची माहिती १९०४ मध्ये जमशेटजी टाटांना कळवणारे ते हेच बोस. त्या खनिजावर जमशेदपूरचा पोलाद कारखाना उभा राहिला. दुसरे जावई ज्ञानेंद्रनाथ गुप्त सनदी अधिकारी होते आणि सासऱ्यांचे पहिले विस्तृत चरित्र त्यांनीच लिहिले. आजोबांच्या पिढीत इंग्रजी विद्या, वडिलांच्या पिढीत डेप्युटी कलेक्टरी, मुलाच्या पिढीत सनदी सेवा आणि पुढच्या पिढीत उद्योग, असा या एका घराण्याचा प्रवास म्हणजे त्या शतकातील शिक्षित भारताचाच आलेख आहे.

दिवाणपद त्यांना जेमतेम सहा महिने लाभले. ३० नोव्हेंबर १९०९ रोजी बडोद्यातच, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच महिन्यात इंग्लंडहून दक्षिण आफ्रिकेकडे जाणाऱ्या जहाजावर मोहनदास गांधी हिंद स्वराज्य लिहीत होते. दत्त यांचा आर्थिक इतिहास वाचताना आपल्याला रडू आले, असे गांधींनी त्या पुस्तकात नमूद केले आहे. दत्त यांना ते कधीच कळले नाही.

सेवेच्या प्रारंभीच्या वर्षांत एका कोरड्या हंगामात पीकपाहणीसाठी मी गावोगाव फिरलो होतो. शेतात जे दिसत होते ते आणि आणेवारीच्या तक्त्यात जो आकडा अपेक्षित होता तो, यांत मेळ नव्हता. वरून आलेली सूचना तोंडी होती, त्यामुळे तिचा कागद नाही. मी काय लिहिले ते आज येथे सांगत नाही. ते सांगताना अभिमान वाटत नाही, एवढे पुरे. दत्त यांचे ग्रंथ मी त्यानंतर काही वर्षांनी प्रथम नीट वाचले. तेव्हा कळले की माझ्याआधी शंभर वर्षे एक माणूस अशाच शेतांच्या बांधावर उभा राहिला होता, त्याच्याही पुढे तक्ता होता आणि वर वरिष्ठ होते. सेवेत असताना त्याने तक्ता भरला, आणि सेवा सोडल्यावर उरलेले आयुष्य त्या तक्त्यात न मावलेल्या गोष्टी लिहिण्यात घालवले.

आज सारा नाममात्र उरला आहे. दुष्काळात माणसे मरू नयेत याची व्यवस्था देशाने पुष्कळ अंशी केली आहे. परंतु शेतकऱ्याजवळ एक वाईट वर्ष सोसण्याइतकी शिल्लक का नाही, हा दत्त यांचा प्रश्न पीकविमा, कर्जमाफी आणि हमीभाव यांच्या प्रत्येक चर्चेत आजही उभा असतो. त्याचे उत्तर शोधणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी दालनातील लाकडी फलकाकडे पाहताना एवढे आठवावे, की त्या नावांपैकी काहींनी तारखांखेरीजही मागे काही ठेवले आहे.